हे कुठं लागू पडत नाही, तेही विचारा

उमरठ आणि पोलादपूर-महाडच्या डोंगरवाड्यांवरच्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

रोहिणी सरून मृग लागायच्या सुमाराला बी-खतासाठी पोलादपूरच्या बाजारात गेलं, की दुकानाच्या फळीवर एखादी नवी बाटली दिसते. तिला टॉनिक म्हणतात. फुटवे वाढतील, पळींज कमी होईल, दाणा भरेल, असं सांगितलं जातं. सांगणारा खोटारडाच असतो असं नाही. त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलेलं असतं. आपण पैसे मोजतो, फवारतो, आणि दसऱ्यानंतर भात झोडताना त्या औषधाने काही केलं की नाही हे आपल्याला कळतच नाही. त्या वर्षी पाऊस वेगळा होता, बियाणं बदललेलं होतं, आणि औषध न मारलेलं एखादं खाचर तुलनेला ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

अशी तुलना करायची, ती नीट लिहून ठेवायची आणि जाणत्या माणसांपुढे मांडून त्यांना तिच्यातल्या चुका काढू द्यायच्या, हे काम करणाऱ्या संस्था आपल्या देशात आहेत. पिकांच्या लागवडीच्या शास्त्राला आपल्या विद्यापीठांत कृषिविद्या म्हणतात. त्या विषयातल्या अभ्यासकांनी १९५५ साली ‘इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रॉनॉमी’ स्थापन केली. तिचं ठाणं दिल्लीला आहे. अमेरिकेतली अशीच संस्था १९०७ पासूनची. आपली इंडियन सोसायटी ही सरकारी कचेरी नव्हे. ती अनुदान देत नाही, बियाणं विकत नाही, सातबाऱ्याशी तिचा संबंध नाही. ती नियतकालिक काढते आणि परिषदा भरवते. एखाद्याने ‘या पद्धतीने उत्पन्न वाढतं’ असं लिहून पाठवलं, तर ते लेखन त्याच विषयातल्या दुसऱ्या अभ्यासकांकडे तपासायला जातं. ते विचारतात: किती ठिकाणी केलं, किती हंगाम केलं, बिनखताचा वाफा ठेवला होता का, जमीन कसली होती? उत्तरं पटली नाहीत तर लेख परत जातो. छापून आल्यावरही दुसरा कुणीही उठून सांगू शकतो, की मी माझ्याकडे करून पाहिलं, मला ते जमलं नाही.

माझं तुम्हाला सांगणं एवढंच आहे, की या तपासणीवर आपला हक्क आहे आणि तो आपण मागत नाही. ती आपल्या खाचरापर्यंत आली तर काय होतं, ते युरियाच्या गोष्टीवरून कळेल.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. लावणीनंतर युरिया फोकायचा, रात्री धो धो सर यायची आणि बांधावरून पाणी उलटून खालच्या खाचरात, तिथून ओढ्यात, ओढ्यातून सावित्रीत. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण वाहून जाणं हा नुकसानीचा एकच भाग. खाचरातल्या पाण्यावर पडलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. काही भाग चिखलाच्या वरच्या पातळ थरात नायट्रेट बनतो, खालच्या हवा नसलेल्या थरात झिरपतो आणि तिथे वायू होऊन निघून जातो. भाताला फोकून दिलेल्या नत्रातलं साधारण तीस ते चाळीस टक्केच पिकाच्या पोटात जातं, हे जगभरच्या चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

यावर उपाय निघाला तो खत खोल पुरण्याचा. युरियाची मोठी गोळी करून ती सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात दाबली, तर नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहतं आणि मुळं ते हळूहळू घेतात. या विषयावर ज्यांचं काम जगभर वाचलं गेलं, त्यांत डॉ. एन. के. सावंत हे आपल्याकडचे कृषिशास्त्रज्ञ होते. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात असताना त्यांनी स्टँगल यांच्यासोबत १९९० साली एका शास्त्रीय नियतकालिकात तोवरच्या सगळ्या चाचण्यांचा सविस्तर आढावा छापला. आणि त्याच अभ्यासातून कोकणात जी पद्धत पोहोचली, ती तुम्ही ‘चारसूत्री’ या नावाने ऐकलेली आहे.

ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी ती इथे सांगतो. रोपवाटिकेच्या मातीत भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. तिच्यातल्या सिलिकाने रोप कणखर होतं. चिखलणीच्या आठवडाभर आधी गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला तीसेक किलो खाचरात पसरायचा. लावणी दोरीवर करायची, एका चुडात दोन-तीन रोपं, आणि अंतर एकदा १५ सेंटिमीटर, एकदा २५ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंनी. म्हणजे चार-चार चुडांचे चौकोन तयार होतात. मग लावणीच्याच दिवशी किंवा लगेच पुढच्या एक-दोन दिवसांत प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट हाताने खोल दाबायची. हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट लागतात, म्हणजे गुंठ्याला सव्वासहाशे, वजनाने पावणेदोन किलोच्या आत. कोकणातल्या भाताला नत्राची नेहमीची शिफारस हेक्टरी १०० किलो आहे. ब्रिकेटमधून सत्तावन्न किलोच्या आसपास जातं. आपल्यासारख्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत पाच गुंठ्यांचं खाचर असेल तर साडेआठ किलोत काम भागतं, आणि ते खांद्यावरच्या पिशवीतून नेता येतं.

आता या लेखाचा जो मुद्दा आहे तो इथे नीट ऐका. सावंत आणि स्टँगल यांच्या त्याच अभ्यासाने हेही लिहून ठेवलं, की जिथे पाणी भरभर खाली मुरतं, जमीन रेताड आहे, मातीची खत धरून ठेवायची ताकद कमी आहे, तिथे पुरलेली गोळी फायद्याची ठरत नाही. नत्र मुळांच्या खाली निघून जातं. उमरठच्या खालच्या, ओढ्याकाठच्या, पाणी धरणाऱ्या खाचरांत जे साधेल ते वरच्या निचऱ्याच्या पायऱ्यांवर साधेलच असं नाही. बाटली विकणारा तुम्हाला ‘हे कुठं चालत नाही’ असं कधी सांगतो का? शास्त्रीय नियतकालिकात ते सांगावंच लागतं. नाही सांगितलं तर तपासणारा विचारतो. मला या संस्थांबद्दल आदर आहे तो याच कारणासाठी.

राब भाजायच्या आपल्या रीतीलाही अभ्यासकांनी असेच प्रश्न विचारले. कवळ तोडायची, शेण-पातेरा पसरायचा, वर माती टाकून उन्हाळ्यात भाजायचं, हे आपले पूर्वज करत आले. बाहेरून आलेले अधिकारी त्याला जंगलाची नासाडी म्हणत. १९१२ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या दोन सहकाऱ्यांना घेऊन पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. भाजल्याने मातीत नेमकं काय बदलतं, हा त्यांचा प्रश्न होता. शेतकऱ्याला अडाणी न समजता त्याच्या रीतीमागचं कारण शोधायचं, ही वृत्ती आपल्या देशातल्या शेतीविज्ञानात शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. १९१९ साली कर्जतला भाताचं संशोधन केंद्र सुरू झालं, तेही आपल्याच जिल्ह्यात. आज राबासाठी डोंगर चढून कवळ आणायला घरात माणसं उरली नाहीत. राबाशिवाय आवण कशी जोमदार करायची, याचं उत्तर तुसाच्या राखेत काही प्रमाणात मिळतं. ते करून पाहा.

उत्पन्नाच्या मोजणीलाही अशीच तपासणी लागते. पीक कापणी प्रयोग तुम्ही गावात होताना पाहिला असेल. तलाठी, ग्रामसेवक किंवा कृषी सहायक येतात, एका खाचरात दोरीने चौकोन आखतात, तेवढंच भात कापून, झोडून वजन करतात. त्या वजनावरून तालुक्याचं, मंडळाचं सरासरी उत्पन्न ठरतं. विमा मिळणार की नाही, तेही त्यावरून ठरतं. ही पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी करणारा माणूस सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा, पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११. भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी संख्याशास्त्राचं काम उभारलं. १९४७ च्या जानेवारीत ‘इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स’ स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद होते आणि उभारणीत सुखात्मे पुढे होते.

त्यांचा त्या काळचा मोठा वाद झाला तो प्रशांतचंद्र महालनोबिसांशी, म्हणजे भारतीय संख्याशास्त्राच्या सर्वांत मोठ्या माणसाशी. मुद्दा होता कापणीचा चौकोन किती मोठा हवा. सुखात्म्यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये छापलेल्या टिपणात दाखवून दिलं, की चौकोन फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं. कारण रेषेवरची रोपं आत धरायची की बाहेर, या संशयात कापणारा माणूस ती आत धरतो. लहान चौकोनाला आतल्या जागेच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त. दिसायला हा अगदी बारीक मुद्दा. पण उत्पन्न कागदावर फुगलं, तर खरं नुकसान झालेल्या शेतकऱ्याच्या हातात भरपाई येत नाही. दोन विद्वानांनी हा वाद बंद खोलीत मिटवला नाही. तो छापून, आकडे मांडून झाला, म्हणून देशाला त्यातून काही शिकता आलं. तेव्हा कापणी प्रयोगाच्या दिवशी आपण हजर राहायचं. शेत आणि खाचरातली जागा आकड्यांवरून, चिठ्ठीने निवडतात का, ते बघायचं. चांगलं पीक दिसलं म्हणून तिथे, किंवा आपलं नुकसान दिसावं म्हणून वाईट कोपऱ्यात, दोन्ही चुकीचं आहे. कडेची रोपं दोरीच्या आत ओढली जात असतील तर हात जोडून सांगायचं, की साहेब, हे बाहेरचं आहे.

विद्वानांनीच शोधावं आणि आपण ऐकावं, असं मात्र मी म्हणत नाही. आपल्याच रायगडात नेरळजवळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि लावणी दोन्ही टाळून गादीवाफ्यावर भात टोकायची पद्धत बसवली. एसआरटी म्हणून ती राज्यभर माहीत झाली. मजूर मिळत नाही अशा आपल्या गावांना तिचं आकर्षण वाटणारच. ज्या बायकांनी आयुष्यभर कंबर वाकवून चिखलात लावणी केली, त्यांच्या कंबरेचा विचार करणारी पद्धत म्हणून मलाही ती मोलाची वाटते. पण तिच्यात धसकटं आणि तण मारायला तणनाशकावर भर आहे. आपल्या उताराच्या खाचरांत, आषाढातल्या आपल्या पावसात गादीवाफे टिकतात का, वर्षानुवर्षं तणनाशक मारून खालच्या ओढ्याच्या पाण्याचं काय होतं, हे प्रश्न पडायलाच हवेत. ते भडसावळ्यांनी एकट्याने सोडवायचे नाहीत. शेतकऱ्याने काढलेली कल्पना चार मातींत, चार पावसांत पारखून तिच्या मर्यादा सांगायच्या, ही अभ्यासकांच्या संस्थेची जबाबदारी आहे. तासगावच्या द्राक्षवाल्यांबरोबर काम करणाऱ्या श्रीपाद दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून हेच मांडलं, की शेतकरी स्वतः प्रयोग करणारा झाला पाहिजे. त्याला नोंद ठेवण्याची शिस्त हवी आणि ती नोंद तपासून देणारं कुणीतरी हवं.

आता या संस्थांना चार शब्द कडू बोलणं भाग आहे. त्यांची नियतकालिकं इंग्रजीत निघतात आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाबाहेर क्वचितच जातात. लेख छापायचा तो बढतीसाठी, अशी वृत्ती वाढली आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानंही नियतकालिकाच्या नावाने उघडली आहेत, आणि खऱ्या संस्थांनी त्यांच्याविरुद्ध हवा तेवढा आवाज उठवलेला नाही. विद्यापीठांच्या शिफारशी दरवर्षी राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत तपासून मंजूर होतात. हे चांगलं आहे. पण चाचणीचं खाचर बहुतेक केंद्रावरचं, सपाट, पाणी हाताशी असलेलं. वरकस उतारावरची नाचणी आणि वरी, हीच डोंगरातल्या माणसाची पिकं. त्यांच्या वाट्याला फार थोडा अभ्यास येतो. २२ जुलै २०२१ ला तळीये, साखर सुतारवाडी, केवनाळे इथे दरडी आल्या. माणसं गेली आणि खाचरंही दगडगोट्यांखाली गेली. अशा जमिनीत पुन्हा पहिलं पीक कोणतं घ्यायचं, बांध कसा घालायचा, हे सांगायला कोणती संस्था आपल्या दारात आली? हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

माझी सगळ्यांना एक विनंती आहे, की सल्ला देणारा कोण आहे हे बघा. डॉक्टरला वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी लागते. शेतीचा सल्ला द्यायला कुणालाही तशी नोंदणी लागत नाही. दुकानदारांना थोडंफार शास्त्र कळावं म्हणून हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ साली ‘देसी’ ही वर्षभराची पदविका सुरू केली. आपल्या दुकानदाराने ती केली आहे का, विचारा. केली असेल तर त्याला मान द्या, त्याच्याकडून घ्या. टॉनिकांना केंद्र सरकारने २०२१ साली खत नियंत्रण आदेशाखाली आणलं आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्यांची आकडेवारी द्यायला लावली. तेव्हा बाटली हातात घेतलीत की विचारा: नोंदणी आहे का, चाचणी कुठं झाली, भातावर झाली का, आणि कुठं लागू पडली नाही? उत्तर नसेल तर बाटली परत फळीवर ठेवा. आणि घेतलीच, तर एक खाचर तसंच ठेवा, दोन्हींचं भात वेगळं झोडा, वेगळं तोला, मुलांच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. आपल्याकडे प्रात्यक्षिकं पुष्कळ होतात. प्रात्यक्षिकात चांगलं तेच दाखवतात. चाचणीत शेजारी साधं खाचर ठेवून खरं-खोटं पारखतात. कृषी सहायक प्रात्यक्षिक घेऊन आले, तर शेजारचं खाचर तुलनेला ठेवायचा आग्रह धरा.

महाड-पोलादपूरच्या ज्या मुलामुलींनी दापोलीला किंवा इतरत्र कृषीची पदवी घेतली आणि आज बँकेत, बियाणं कंपनीत, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत आहेत, त्यांनी आपल्या विषयाच्या संस्थेचे सभासद व्हावं. परिषदेत उभं राहून विचारावं, की उताराच्या वरकस जमिनीवर या वर्षी किती काम झालं. आणि इंग्रजीतल्या लेखाचं एक पान मराठीत करून गावच्या फळ्यावर लावावं. तेवढं झालं तरी पुष्कळ. मुंबईतल्या चाकरमान्यांना सांगणं आहे, की तुमचं खाचर पडीक आहे, तिथे रान माजलं आहे. ते विकायचं नसेल तर राहू द्या, पण दोन हंगाम चाचणीला द्या. गणपतीला याल तेव्हा त्यावरचं भात डोळ्यांनी बघाल.

शास्त्रज्ञांनाही निमंत्रण आहे. माघात सुभेदार तानाजी मालुसऱ्यांच्या पुण्यतिथीला उमरठला गर्दी होते. तुम्ही आषाढात या, पाण्यात उभे राहा, लावणी करणाऱ्या बायकांना विचारा की आवण कधी पिवळी पडते आणि कुठल्या खाचरात खत टिकत नाही. त्यांच्याकडे ते उत्तर आहे. ते लिहून घेणारा कुणी आलेला नाही. बैठक दुपारी ठेवू नका, तेव्हा त्या शेतात असतात. संध्याकाळी ठेवा.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने एक ठराव घ्यावा: एक खालचं पाणथळ खाचर, एक वरचं निचऱ्याचं आणि नाचणीची एक वरकस पट्टी, अशा तीन जागा गाव चाचणीसाठी देत आहे. ठरावाची एक प्रत किल्ला-रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्राला, एक दापोली विद्यापीठाला आणि एक तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्यावी, आणि पोच घेऊन ठेवावी.